‘तेनेब्राय’ : रोमान्स भाषांतील एका अंधारवाचक शब्दाची वाटचाल

लॅटिनपासून निघालेल्या भाषांना ‘रोमान्स’ असे सामुदायिक नाव आहे. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, कॅटलान, रुमानियन या त्यांपैकी प्रमुख होत. लॅटिनमध्ये अंधाराला ‘तेनेब्राय’ असा शब्द होता. फ्रेंचमध्ये ‘तेनेब्र’, इटालियनमध्ये ‘तेनेब्रे’, स्पॅनिशमध्ये ‘तिन्येब्लास’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘त्रेव्हश’ असे त्याचे वारस दिसतात. हे शब्द एका ओळीत मांडले की एका आईची चार लेकरे समोर उभी राहिल्यासारखे वाटते, आणि भाषांचे नाते सिद्ध करण्यास याहून सोपा पुरावा कोणता, असेही वाटू लागते. ओळ बरोबरच आहे. तीवरून निघणारा निष्कर्ष मात्र निम्माच बरोबर आहे. या चार शब्दांपैकी दोनच त्या आईच्या पोटची लेकरे असून उरलेली दोन पुढे मोठेपणी तिच्या घरात दत्तक आलेली आहेत. सर्वांत अस्सल वारस म्हणावे अशी पाचवी भाषा तर या ओळीत आलेलीच नाही.

हा भेद नुसत्या वंशावळीच्या हौसेसाठी पाहावयाचा नाही. फ्रीद्रिख दीत्स या जर्मन पंडिताने रोमान्स भाषांच्या तौलनिक व्याकरणाचा पहिला खंड १८३६ साली प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून या भाषांचा अभ्यास ऐतिहासिक भाषाशास्त्राची प्रयोगशाळा ठरला आहे. इतर भाषाकुलांत मूळ भाषा बहुधा अनुमानाने रचावी लागते. येथे ती ग्रंथरूपाने हाताशी आहे. ध्वनिपरिवर्तनाचा नियम खरा की खोटा हे येथे ताडून पाहता येते. परंतु लोकांच्या तोंडी घासत आलेला शब्द आणि विद्वानांनी पोथीतून उचललेला शब्द यांची गल्लत झाली, तर प्रयोगाची सामग्रीच अशुद्ध होते. मराठी वाचकाला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. तद्भव आणि तत्सम हा विवेक भारतीय वैयाकरणांनी फार पूर्वीच केलेला आहे, आणि प्रस्तुत शब्दाला तर मराठीत नेमका जोडही आहे : एकच मूळ ‘अंधार’ म्हणून घरात वावरते आणि ‘अंधकार’ म्हणून ग्रंथात.

प्रथम ‘तेनेब्राय’ या शब्दाचे मूळ पाहू गेले असता तो संस्कृतच्या फार जवळचा निघतो. ‘तमस्’ या शब्दातील धातूच त्याच्या मुळाशी आहे; इतकेच नव्हे, तर संस्कृत ‘तमिस्रा’ आणि लॅटिन ‘तेनेब्राय’ यांची घडणही जवळजवळ एकच आहे. वरवर पाहता दोहोंत साम्य थोडे. ते उकलण्यास दोन नियम पुरतात. पहिला असा की शब्दाच्या मध्यभागी आलेल्या ‘स्र’ या जोडाचा लॅटिनमध्ये ‘ब्र’ होतो. संस्कृत ‘शिरस्’ या शब्दाचा लॅटिन नातलग ‘केरेब्रुम्’ म्हणजे मेंदू. ‘स्वसृ’ या शब्दाचा अंश ‘कोन्सोब्रीनुस्’ म्हणजे मावसभाऊ या शब्दात दडलेला आहे. दोन्ही ठिकाणी ‘ब्र’ हा जुन्या ‘स्र’चाच अवतार होय. दुसरी गोष्ट अशी की पुढे ‘ब’ हा ओष्ठ्य वर्ण उत्पन्न झाल्यावर त्याच्या शेजारी ‘म’ हा दुसरा ओष्ठ्य वर्ण लॅटिन जिभेला जड झाला, आणि त्याच्या जागी ‘न’ आला. विषमीकरणाची ही प्रवृत्ती सर्वच भाषांत आढळते. लिथुएनियन ‘तम्सा’, रशियन ‘त्मा’ आणि संधिप्रकाशाचा वाचक असलेला जर्मन ‘डेमरुंग’ हे शब्द याच कुळातले. लॅटिनमध्येच ‘तेमेरे’ असे एक क्रियाविशेषण आहे. त्याचा अर्थ अविचाराने, मागचापुढचा विचार न करता, असा आहे. मुळात तो ‘अंधारात’, म्हणजे पुढे काय आहे हे न पाहता, असा असावा. ‘तमस्’ या शब्दाला आपल्याकडे जी नैतिक छटा आली तिच्याशी हे ताडून पाहण्याजोगे आहे.

आणखी एक लक्षण नोंदण्यासारखे आहे. ‘तेनेब्राय’ हे रूप अनेकवचनी आहे. शिष्ट लॅटिनमध्ये त्याचे एकवचन जवळजवळ वापरातच नव्हते. अंधार एक नव्हे, अनेक, थरावर थर असलेला, अशी काहीशी ही कल्पना दिसते. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात ‘तमिस्रा’ हा शब्दही अनेकवचनीच योजिलेला आढळतो. एवढ्यावरून फार मोठे अनुमान काढणे धाडसाचे होईल. परंतु फ्रेंच, स्पॅनिश आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषांत तो शब्द आजही मुख्यतः अनेकवचनातच येतो ही गोष्ट त्याच्या पुरातनत्वाची साक्ष म्हणून लक्षात ठेवावी.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. शब्द परंपरेने आला की पोथीतून आला, हे ठरवावयाचे कसे? अर्थावरून ठरवू नये, तो फसवतो. ध्वनीवरून ठरवावे, आणि त्यासाठी त्याच ध्वनिरचनेचा, पण पोथीतून येण्याचे काही कारण नसलेला असा एखादा सामान्य शब्द साक्षीला घ्यावा. येथे तापाचा शब्द उपयोगी पडतो. ताप कोणत्याही पिढीत यावयाचा थांबला नाही, आणि त्याचे नाव शिकण्यास कोणाला शाळेत जावे लागले नाही. लॅटिन ‘फेब्रेम्’ या रूपात ‘तेनेब्रास्’प्रमाणेच ‘एब्र’ हा ध्वनिसमूह आहे. फ्रेंचमध्ये त्याचे ‘फ्येव्र’ झाले : स्वर फुटून ‘ये’ झाला आणि ‘ब’चा ‘व’ झाला. ओठाचा वाचक ‘लाब्रा’ हा शब्दही तेथे ‘लेव्र’ असा ‘व’कार घेऊन आला. या न्यायाने फ्रेंचमध्ये अंधाराला ‘तेन्येव्र’ असा शब्द हवा होता. प्रत्यक्षात मात्र तेथे ‘तेनेब्र’ आहे. ‘ब’ जागच्या जागी, स्वर अखंड. इटालियनची कसोटी वेगळी. तेथे ‘फेब्रेम्’चे ‘फेब्ब्रे’ आणि ‘लाब्रुम्’चे ‘लाब्ब्रो’ झाले, म्हणजे ‘र’पूर्वीचा ‘ब’ दुणावला. ‘तेनेब्रे’मध्ये तो एकेरीच राहिला आहे. तेव्हा हे दोन्ही शब्द तत्सम ठरतात. फ्रेंच शब्द काही अलीकडचा नाही. रोलाँच्या वीरगाथेत, म्हणजे सुमारे ११०० साली, तो आलेला आहे. तत्सम शब्द जुना नसतो असा समज असल्यास तो या एका उदाहरणाने दूर व्हावा.

स्पॅनिशची गोष्ट निराळी आहे. ‘तिन्येब्लास’मधला ‘ये’ हा ‘फ्येब्रे’मधल्या ‘ये’चा सख्खा भाऊ. परंतु त्यातून एक नवा प्रश्न उभा राहतो. स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व ‘ए’चा ‘ये’ व्हावयाचा तर त्या स्वरावर आघात पाहिजे. शिष्ट लॅटिनमध्ये आघात पहिल्या अक्षरावर, ‘ते’वर, होता. कारण उपान्त्य ‘ने’ हे अक्षर ऱ्हस्व, आणि त्याच्या पुढचा ‘ब्र’ हा जोड इतका हलका समजला जाई की त्यामुळे मागचे अक्षर गुरू होत नसे. छंदःशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. ‘प्र’ आणि ‘ह्र’ या जोडांपूर्वीचा स्वर विकल्पाने लघू मानण्याची मुभा आपल्याकडेही दिलेली आहे. लॅटिन कवीही असे अक्षर सोयीनुसार लघू किंवा गुरू धरीत. लोकभाषेने मात्र विकल्प ठेवला नाही. तिने आघात उचलून ‘ने’वर ठेवला, आणि याच नव्या उच्चारातून स्पॅनिश शब्द जन्मला. साप या अर्थाचा ‘कोलुब्रा’ हा शब्दही असाच आघात पुढे सरकून स्पॅनिशमध्ये ‘कुलेब्रा’ झाला. इटालियन ‘तेनेब्रे’मध्ये आघात अजून पहिल्याच अक्षरावर आहे, म्हणजे तो शिष्ट उच्चाराला धरून आहे. त्याच्या तत्समत्वाचा हा दुसरा पुरावा, आणि पहिल्याहून बळकट.

स्पॅनिश शब्दाच्या बाकीच्या खुणाही सहज वाचता येतात. आरंभीच्या ‘ते’चा ‘ति’ झाला तो पुढच्या ‘य’काराच्या ओढीने, बी या अर्थाचा ‘सेमेन्तेम्’ हा शब्द असाच ‘सिम्येन्ते’ झाला आहे. ‘र’च्या जागी ‘ल’ कोठून आला हे सांगणे त्यामानाने अवघड. जुन्या भाषेत ‘र’ असलेले रूपही सापडते. धुक्याला स्पॅनिशमध्ये ‘न्येब्ला’ म्हणतात; तो लॅटिन ‘नेबुला’, म्हणजे आपल्या ‘नभस्’चा नातलग. अंधार आणि धुके हे शेजारी, त्यांचे शब्दही एकमेकांसारखे ऐकू येणारे. तेव्हा एकाने दुसऱ्याचा पेहराव घेतला असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. ‘तेनेब्रोसो’ हे विशेषण मात्र स्पॅनिशने सरळ पोथीतून घेतले. एकाच भाषेत तद्भव नाम आणि तत्सम विशेषण अशी ही जोडी नांदते.

पोर्तुगीज ‘त्रेव्हश’ हा शब्द प्रथमदर्शनी या कुळातला वाटतच नाही. परंतु नियमांच्या क्रमाने गेले तर एकही पायरी सुटत नाही. दोन स्वरांमधला ‘न’ गाळणे ही या भाषेची ओळखच आहे : ‘लूना’ म्हणजे चंद्र, त्याचे ‘लूअ’, ‘कोरोना’ म्हणजे मुकुट, त्याचे ‘कोरोअ’. त्याच न्यायाने ‘तेनेब्रास्’मधला ‘न’ गेला. ‘लिब्रुम्’ म्हणजे पुस्तक याचे जसे ‘लीव्रु’ झाले तसा ‘ब’चा ‘व’ झाला. ‘तेएव्रास्’ अशा जुन्या रूपात दोन ‘ए’ शेजारी आले आणि एकमेकांत मिळाले. शेवटी ‘र’ने उडी मारून शब्दाच्या आरंभीच्या ‘त’शी जोड केला. तीन अक्षरांच्या जुन्या परंपरेतून आलेला हा दोन अक्षरांचा शब्द म्हणजे परंपरागत शब्द किती झिजतो आणि तरी कसा ओळखू येतो याचा नमुना होय. शेजारच्या गालिसियात ‘तेब्रास’ असे त्याचे भावंड आहे. तेथे ‘न’ गेला, पण ‘र’ जागेवरच राहिला.

फ्रेंच आणि इटालियन भाषांनी हा शब्द पुन्हा उसना का घेतला? याचे उत्तर बव्हंशी चर्चमध्ये सापडते. जेरोमच्या लॅटिन बायबलमध्ये सृष्टीच्या आरंभीचा अंधार ‘तेनेब्राय’ आहे, आणि ख्रिस्ताच्या मरणसमयी भर दुपारी पडलेला अंधारही ‘तेनेब्राय’च आहे. इ. स. ८१३ मध्ये तूर येथील धर्मसभेने प्रवचने लोकांच्या ग्रामीण रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत सांगावीत असा निर्णय केला. सामान्य जनांना लॅटिन कळेनासे झाले होते याची ती जाहीर कबुलीच होय. प्रवचन लोकभाषेत आले, उपासना मात्र लॅटिनमध्येच राहिली. त्यामुळे ‘तेनेब्राय’ हा शब्द वर्षानुवर्षे कानांवर पडत राहिला. पवित्र सप्ताहातील शेवटच्या तीन दिवसांच्या एका उपासनेचे तर नावच हे होते. त्रिकोणी दीपवृक्षावर पंधरा मेणबत्त्या लावीत आणि एकेक स्तोत्र संपले की एकेक मेणबत्ती विझवीत. चौदा विझल्यावर पंधरावी न विझविता वेदीमागे झाकून ठेवीत, आणि त्या काळोखात ग्रंथ व बाके आपटून मोठा आवाज केला जाई. त्या दीपवृक्षाला स्पॅनिशमध्ये ‘तेनेब्रारियो’ म्हणतात. तोमास लुईस दे विक्तोरिया याने या उपासनेसाठी रचलेले संगीत १५८५ साली रोममध्ये छापले गेले. उपासनेची पाळी पूर्वी आदल्या संध्याकाळीच उरकली जाई. १९५५ सालच्या सुधारणेने ती सामान्यतः त्या त्या दिवशी सकाळी नेली, आणि भर उजेडात अंधाराच्या विधीचा अर्थ उरला नाही.

चर्चने शब्द जगविला, पण त्याला घरातून उठवून देवघरात बसविले. फ्रेंच माणूस दिवा गेल्यावर ‘तेनेब्र’ म्हणत नाही. त्या शब्दाला पाप, मृत्यू आणि अज्ञान यांची सोबत झाली आहे. खोलीतल्या अंधाराला तो ‘नुआर’, म्हणजे नुसते ‘काळे’ म्हणतो. मराठी ‘काळोख’ शब्दातही काळा रंगच दडलेला आहे, हे येथे सहज आठवावे. इटालियनांचा रोजचा शब्द ‘बूयो’. त्याची व्युत्पत्ती बहुतेक कोशकार ‘बुर्रुस्’ या तांबूस रंगाच्या वाचकाकडे नेतात, आणि तो शब्द स्वतः ग्रीक भाषेतील अग्निवाचक शब्दापासून निघालेला आहे. आगीच्या रंगापासून अंधाराचे नाव घडावे यात विनोद आहे खरा. पण विझत आलेल्या निखाऱ्याचा रंग ज्याने पाहिला आहे त्याला तो फारसा अशक्य वाटणार नाही.

मात्र या सर्व भाषांत पसरलेला खरा वारस ‘ओब्स्कूरुस्’ हा होय. हे मुळात विशेषण, ‘झाकलेले’ या अर्थाचे. त्यातील धातू संस्कृत ‘स्कुनाति’ म्हणजे झाकतो या क्रियापदाशी जोडला जातो. इटालियन ‘ओस्कूरो’ व ‘स्कूरो’, स्पॅनिश ‘ओस्कूरो’, पोर्तुगीज ‘इश्कूरु’, स्वित्झर्लंडमधील रोमान्श भाषेत ‘श्चिर’, सार्डिनियात ‘इस्कूरु’, अशी त्याची रूपे आहेत. चित्रकलेतील छायाप्रकाशाच्या योजनेला इटालियनांनी ‘क्यारोस्कूरो’ असे नाव दिले, त्यात हाच शब्द आहे. काराव्हाज्जो आणि रिबेरा यांच्या गडद चित्रपद्धतीला पुढे नाव द्यावयाचे झाले तेव्हा मात्र समीक्षकांनी पोथीतला शब्द काढला आणि ‘तेनेब्रिस्मो’ म्हटले. शास्त्रीय नामकरणातही त्या शब्दाची अशीच सोय लागली : पिठात होणाऱ्या एका काळ्या भुंगेऱ्याच्या प्रजातीला लिनियसने १७५८ साली ‘तेनेब्रिओ’ म्हटले, लॅटिनमध्ये हा शब्द अंधारात वावरणाऱ्या लबाड माणसाला लावीत. फ्रेंच ‘ऑब्स्क्यूर’ची कथा थोडी निराळी. जुन्या फ्रेंचमध्ये ‘ब’ गळालेले रूप रूढ होते; पुढे पंडितांनी लॅटिनकडे पाहून तो ‘ब’ परत बसविला, आणि आता तो उच्चारलाही जातो. मराठीतील ‘शुद्धलेखना’च्या वादात मुरलेल्या वाचकाला याचे स्पष्टीकरण नको.

‘फुस्कुस्’ या तिसऱ्या शब्दाचे भवितव्य सर्वांत मनोरंजक म्हणावे लागेल. लॅटिनमध्ये तो काळसर, सावळा अशा रंगाचा वाचक होता. कॅटलान भाषेने त्याला नेहमीच्या अंधाराचे काम दिले. तेथे ‘फोस्क’ म्हणजे अंधारी आणि ‘फोस्को’ म्हणजे अंधार. पोर्तुगीजमध्ये ‘फोश्कु’ म्हणजे चकाकी नसलेले. स्पॅनिशमध्ये आरंभीचा ‘फ’ गळून ‘ओस्को’ झाले, आणि त्याचा अर्थ तुसडा, आंबट तोंडाचा माणूस. एकाच शब्दाने एका देशात खोली अंधारली, दुसऱ्यात धातूचे तेज घालविले आणि तिसऱ्यात चेहरा काळवंडला. पोर्तुगीजांनी संधिकालाला ‘लुश्कु-फुश्कु’ असे यमकी नाव दिले आहे. त्यातील पहिला शब्द एका डोळ्याने अधू असलेल्याचा, दुसरा हाच. ‘कालीगो’ या दाट काळोखाच्या वाचकाचे व्हेनिसमध्ये ‘कायीगो’ म्हणजे धुके झाले. स्पॅनिश ‘कालिना’ म्हणजे हवेतील धूसरपणा, तोही त्याच घरचा.

शेवटी रुमानियन. आरंभी म्हटलेली पाचवी भाषा ती हीच. तेथे अंधाराचा शब्द ‘इंतुनेरिक’ असा आहे. त्यातील पहिला स्वर नागरीत नेमका उतरत नाही, तो ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या दरम्यानचा समजावा. ‘तेनेब्रिकुस्’ या विशेषणाला ‘इन्’ हा उपसर्ग लागून हा शब्द बनला. दुसऱ्या अक्षरातील ‘उ’ नियमांच्या चौकटीत सहज बसत नाही व त्याबद्दल कोशकारांत मतभेद आहेत. ‘ब’ गेला ते मात्र नियमाला धरून आहे, कारण लोहार या अर्थाच्या ‘फाब्रुम्’चेही तेथे ‘फाउर’ झाले. महत्त्वाची गोष्ट ही की हा शब्द पूर्णपणे घरगुती आहे. दिवा विझला, रात्र झाली, तळघरात दिसेनासे झाले, या प्रत्येक प्रसंगी रुमानियन माणूस ‘इंतुनेरिक’च म्हणतो. ‘ओब्स्कूरुस्’ तेथे परंपरेने टिकला नाही. ‘ऑब्स्कूर’ हे रूप आधुनिक काळात पंडितांनी आणले, आणि ते दुर्बोध, अप्रसिद्ध अशाच अर्थांनी अधिक चालते.

असे का झाले याचे एक कारण इतिहासात आहे. रुमानियन लोकांचे चर्च लॅटिन नव्हते. त्यांची उपासना कित्येक शतके स्लाव भाषेत चाले, लिपीही सिरिलिक होती. त्या भाषेतील उपलब्ध असलेला पहिला दिनांकित लेख, १५२१ सालचे एका व्यापाऱ्याचे पत्र, याच लिपीत आहे. त्यामुळे लॅटिन ‘तेनेब्राय’ तेथे कानांवर पडलाच नाही, आणि जुन्या घरगुती शब्दाला देवघरातला प्रतिस्पर्धी उत्पन्न झाला नाही. फ्रेंच ‘तेनेब्र’ आणि रुमानियन ‘इंतुनेरिक’ यांतील अंतर हे ‘अंधकार’ आणि ‘अंधार’ यांतील अंतर होय.

परंतु शेजाराचा परिणाम व्हावयाचा तो झालाच. डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही अशा अंधाराला रुमानियनमध्ये ‘बेझ्ना’ म्हणतात. तो स्लाव शब्द, मूळ अर्थ तळ नसलेले, अथांग. दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. जुन्या स्लाव भाषेत ‘त्मा’ या शब्दाचे दोन अर्थ होते : अंधार आणि दहा हजार. धर्मग्रंथांचे रुमानियन भाषांतर करणाऱ्यांनी शब्दास शब्द ठेवला, आणि जुन्या रुमानियनमध्ये ‘इंतुनेरिक’ या शब्दालाही मोजता न येणारी प्रचंड संख्या असा अर्थ चिकटला. आज तो अर्थ मागे पडला आहे. वस्तुतः स्लाव ‘त्मा’ आणि रुमानियन शब्दामागचा लॅटिन ‘तेनेब्राय’ हे एकाच धातूचे, ‘तमस्’च्याच घरचे. एकमेकांपासून हजारो वर्षे दुरावलेली दोन भावंडे डॅन्यूबच्या काठी अशी समोरासमोर आली. भाषांतर करणाऱ्या धर्मोपदेशकांना त्यांचे नाते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.